पहिलं कुटुंब सर्वेक्षण: खर्च, आरोग्य आणि शिक्षण एकत्र मोजताना

विकसनशील देशातल्या एखाद्या जिल्ह्यात घरोघर फिरून लोकांचा खर्च, आजारपणं आणि मुलांचं शिकणं मोजायचं ठरलं की नवखा संशोधक आधी प्रश्नावली लिहायला बसतो. चार जुन्या प्रश्नावल्या समोर ठेवून त्यातले प्रश्न उचलतो आणि बघता बघता दोनशे प्रश्नांचं बाड तयार होतं. मग विश्लेषणाच्या वेळी लक्षात येतं की निम्म्याहून जास्त प्रश्नांचा कुठेच उपयोग नाही, आणि जो आकडा खरंच हवा होता तो विचारायचाच राहिला. म्हणून इथे प्रश्नावली बरीच उशिरा येते. ८४० घरांच्या एका लहान सर्वेक्षणाचा हिशेब लेखभर सोबत ठेवला आहे. त्यातली गावांची आणि घरांची संख्या समजावण्यापुरती घेतली आहे, पण पद्धत जशीच्या तशी वापरता येईल.

१. आधी रिकामे तक्ते

“गरिबीचा शिक्षणावर परिणाम” हा विषय झाला. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका आकड्यात किंवा एका तुलनेत देता यावं. उदाहरणार्थ, “या जिल्ह्यात ८ ते ११ वयाच्या मुलांपैकी किती जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, आणि सर्वांत कमी खर्च करणाऱ्या २० टक्के घरांत हेच प्रमाण किती?” यात भूभाग, वय, मोजमाप आणि तुलना या चारही गोष्टी ठरल्या.

आता अहवालात जे तक्ते यायचे आहेत ते कागदावर काढा. शीर्षक, ओळी, रकाने सगळं लिहा, फक्त आकडे रिकामे ठेवा. प्रत्येक रकाना कोणत्या प्रश्नाच्या उत्तराने भरेल ते पेन्सिलीने त्यातच नोंदवा. ज्या प्रश्नाला एकाही तक्त्यात जागा नाही तो गाळायचा, कितीही आवडता असला तरी. आठ-दहा तक्ते पुरेसे होतात.

२. आधी कुणी मोजलं आहे ते पाहा

जागतिक बँकेचा राहणीमान मोजणाऱ्या सर्वेक्षणांचा कार्यक्रम १९८० मध्ये सुरू झाला. त्यात घरखर्च खूप तपशिलात असतो. १९८४ पासूनचा डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, म्हणजे डीएचएस, ९० हून जास्त देशांत झाला आणि त्याचा भर माता-बालकांच्या आरोग्यावर आहे. भारतातलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (पहिली फेरी १९९२-९३) याच कुळातलं. इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममध्ये सुमारे १२,००० मुलांना २००२ पासून वर्षानुवर्षं भेटत राहणारा ‘यंग लाइव्ह्ज’ हा अभ्यासही आहे. यातली बरीचशी घरनिहाय माहिती नोंदणी करून मोफत मिळते. डीएचएसला अमेरिकी सरकारचा निधी होता आणि तो २०२५ च्या सुरुवातीला थांबला, त्यामुळे पुढची फेरी येईलच असं गृहीत धरू नका.

ही माहिती वापरताना एक चूक वारंवार होते. डीएचएस घराचा खर्च विचारत नाही. भिंती, शौचालय, सायकल, फोन अशा वस्तूंवरून तो संपत्ती निर्देशांक काढतो आणि घरांचे पाच समान गट करतो. ही क्रमवारी फक्त त्या देशापुरती, त्या फेरीपुरती असते. सर्वांत खालचा गट म्हणजे दारिद्र्यरेषेखालचे लोक असं लिहिणं चूक आहे, कारण देश श्रीमंत झाला तरी खालचा गट २० टक्क्यांचाच राहणार. खर्च, शरीराची मापं आणि वाचन या तिन्ही गोष्टी त्याच घरात मोजलेली माहिती सहसा मिळत नाही. ती खरंच लागणार असेल तरच स्वतःचं सर्वेक्षण करा.

३. किती घरं, आणि कोणती

एखादं प्रमाण ९५ टक्के खात्रीने ५ टक्के-बिंदू इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने हवं असेल, तर सूत्र आहे १.९६ × १.९६ × ०.५ × ०.५ ÷ (०.०५ × ०.०५). उत्तर येतं ३८४. मधला ०.५ म्हणजे प्रमाण ५० टक्के असेल हे गृहीतक. त्यात नमुना सर्वांत मोठा लागतो, म्हणून सुरुवातीला तेच धरतात.

पण ३८४ हा आकडा जिल्हाभरातून एकेक घर स्वतंत्रपणे उचललं तर. प्रत्यक्षात आपण गावं निवडतो आणि गावात २० घरं घेतो. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. तीच शाळा, तोच पाणवठा, तोच दवाखाना. विसावं घर पहिल्याइतकं नवीन काही सांगत नाही. हे साम्य ० ते १ मध्ये मोजतात: ० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे सगळी घरं सारखीच. ते ०.०५ धरलं तर वाढीचा गुणक होतो १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. ३८४ × १.९५ म्हणजे ७४९. दहा टक्के घरं भेटणार नाहीत किंवा नकार देतील असं धरून ७४९ ÷ ०.९ = ८३२. गोळाबेरीज ४२ गावं, प्रत्येकी २० घरं, एकूण ८४०. शाळेच्या सोयीसारख्या गोष्टीत हे साम्य ०.०५ पेक्षा बरंच जास्त असतं. तिथे गावात जास्त घरं घेऊन फायदा होत नाही, गावं वाढवावी लागतात.

इथे नवखे लोक हमखास फसतात: ८४० घरं म्हणजे ८४० मुलं नव्हेत. पाच वर्षांखालचं मूल तीन घरांपैकी एकातच असेल तर हाती लागतील २८० मुलं, आणि मग खुजेपणाच्या, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीच्या, आकड्याची अचूकता साडेसहा टक्के-बिंदूंच्या आसपास घसरेल. ती चालणार नसेल तर आत्ताच गावं वाढवा किंवा यादी करतानाच लहान मुलं असलेली घरं वेगळी काढा.

गावं निवडताना मोठ्या गावाला त्याच्या आकारमानानुसार जास्त संधी द्यायची. जनगणनेची गाववार यादी घ्या, घरांची चढती बेरीज मांडा. एकूण ६२,००० घरं असतील तर ६२,००० ÷ ४२ = १,४७६ हे अंतर. १ ते १,४७६ मधला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा ९१३. ज्या गावाच्या बेरजेत ९१३ वं घर येतं ते पहिलं गाव, २,३८९ वं घर येतं ते दुसरं, आणि असंच पुढे.

गावात पोचल्यावर जुन्या यादीवर विसंबू नका. गावाभोवतीच्या वस्त्या, शेतावरच्या झोपड्या, वीटभट्टीवरची पालं धरून सगळ्या घरांची नवी यादी करा. सर्वांत गरीब घरं नेमकी तिथेच असतात आणि सरकारी यादीतून तीच सुटतात. यादीत १८७ घरं निघाली तर १८७ ÷ २० = ९.३५. शून्य ते ९.३५ मधला यादृच्छिक आकडा ४.६ आला तर ४.६, १३.९५, २३.३, ३२.६५ अशी भर घालत जा आणि प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकाला न्या: ५ वं, १४ वं, २४ वं, ३३ वं घर. ही निवड कार्यालयात किंवा पर्यवेक्षकाने करायची, सर्वेक्षकाने नव्हे.

जनगणनेत याच गावात १५० घरं होती असं समजा. मग इथल्या घराच्या निवडीची शक्यता (४२ × १५० ÷ ६२,०००) × (२० ÷ १८७), म्हणजे साधारण ०.०१०९. तिचा व्यस्त ९२. यादी जुळली असती तर एक घर ७४ घरांच्या वतीने बोललं असतं, आता ते ९२ घरांच्या वतीने बोलतं. हाच त्या घराचा भार. तो काढायला जुनी संख्या, नवी संख्या आणि निवडलेली घरं हे तिन्ही आकडे लागतात, म्हणून गावनिहाय वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर ते सापडत नाहीत.

निवडलेलं घर बंद असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक संध्याकाळची, अशा तीन फेऱ्या मारा. तरीही बंद असेल तर ‘भेटलं नाही’ अशी नोंद करून पुढे जा. बंद घरं ही मजुरीला गेलेल्यांची, हंगामी स्थलांतर केलेल्यांची घरं असतात. त्यांच्या जागी घरी सापडणारी माणसं भरली की जिल्हा आहे त्यापेक्षा सुस्थितीत दिसतो.

४. कुटुंब म्हणजे कोण

एका चुलीवर जेवणारे आणि एका छताखाली राहणारे, ही व्याख्या बहुतेक देशांत चालते. पण सहा महिने शहरात असलेला मुलगा, वसतिगृहातली मुलगी, आळीपाळीने दोन भावांकडे राहणारी आई, घरकामाला ठेवलेलं मूल यांचं काय? प्रत्येकासाठी नियम लिहून ठेवा आणि प्रशिक्षणात अशा वीस नमुन्यांवर सराव घ्या. दरडोई खर्चात भाजक हाच आहे. एक माणूस चुकून वाढला तरी घर गरीब दिसायला लागतं.

५. खर्च विचारायचा की उत्पन्न

बहुतेक ठिकाणी खर्च, खरं म्हणजे उपभोग. शेती आणि रोजंदारीवरच्या घराचं उत्पन्न महिन्यामहिन्याला हलतं, तोटाही होतो, आणि लोक ते सांगायलाही बिचकतात. खाणं-पिणं त्या मानाने स्थिर असतं.

धान्याचा प्रश्न जवळून बघू. “गेल्या ७ दिवसांत धान्यावर किती खर्च केला?” असं विचारलं आणि घराने दोन महिन्यांपूर्वी पोतं आणून ठेवलं असेल, तर उत्तर येतं शून्य. ज्या घरी स्वतःच्या शेतातलं धान्य आहे तिथेही शून्य. पोटभर जेवणारी दोन्ही घरं कागदावर उपाशी ठरतात. प्रश्नांचा क्रम असा ठेवा: गेल्या ७ दिवसांत घरात हे खाल्लं का? एकूण किती? त्यातलं विकतचं किती, घरचं किती, कुणी दिलेलं किंवा मजुरीच्या बदल्यात मिळालेलं किती? शेवटचं विकत आणलं तेव्हा किती आणलं आणि काय पडलं? शेवटच्या प्रश्नावरून घरच्या धान्यालाही किंमत लावता येते.

लोक किलोत मोजत नाहीत. मलावीत ढीग आणि बादली हीच मापं चालतात, दुसरीकडे टोपली, डबा, वाटी. सर्वेक्षकाला मनात किलो करायला लावू नका. उत्तर लोकांच्या मापातच नोंदवा, प्रत्येक मापाचे फोटो टॅबवर ठेवा आणि स्थानिक बाजारात जाऊन प्रत्येक जिन्नस त्या मापात भरून किमान तीन ठिकाणी वजन करून घ्या. एका ठिकाणची टोपली दुसऱ्या ठिकाणच्या टोपलीएवढी नसते.

कालावधी किती मागचा विचारायचा, हा वाद जुना आहे. अन्नाला ७ दिवस, साबण-इंधन-प्रवासाला ३० दिवस, कपडे, शाळेची फी, रुग्णालयात भरती यांना ३६५ दिवस ही आज रुळलेली वाट. एकदा ठरवलेला कालावधी मधेच बदलायचा नाही. भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवले गेले. उत्तरं एकमेकांशी जुळवून घेतली गेली असावीत आणि त्यामुळे ३० दिवसांचे आकडे वर सरकले, असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं. गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली हा सरकारी निष्कर्ष त्यामुळे अनेक वर्षं वादात राहिला. एवढ्या मोठ्या सर्वेक्षणाची तुलना एका रकान्याने मोडली.

डॉलरमधल्या दारिद्र्यरेषेशी तुलना करायची असेल तर बँकेचा विनिमय दर वापरू नका. जागतिक बँकेची रेषा २०१५ मध्ये १.९० डॉलर, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ पासून दरडोई रोज ३ डॉलर झाली. हे डॉलर क्रयशक्तीच्या तुलनेतले, म्हणजे त्या देशात तेवढ्या पैशात किती वस्तू येतात ते पाहून ठरवलेले आहेत आणि ३ डॉलरची रेषा २०२१ च्या किमतींवर आहे. आधी तुमचा आकडा देशाच्या महागाई निर्देशांकाने २०२१ च्या किमतींवर आणा, मग खासगी उपभोगासाठीच्या क्रयशक्ती गुणकाने भागा. जुन्या रेषेला नवा गुणक लावला की उत्तर निरर्थक येतं.

६. आरोग्य: सांगितलेलं आणि मोजलेलं

“गेल्या दोन आठवड्यांत कुणी आजारी होतं का?” हा प्रश्न साधा दिसतो. भारतात केरळमध्ये आयुर्मान खूप जास्त, पण आजारी असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही तिथेच सर्वांत जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजार सांगणारेही कमी. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधलं होतं. ज्याला दवाखाना जवळ आहे आणि आजाराची माहिती आहे तो आजार ओळखतो. ज्याची पाठ दहा वर्षं दुखते आहे तो त्याला आजार म्हणतच नाही. म्हणून ‘आजारी’ हा शब्द टाळा. ताप, जुलाब, खोकला आणि त्यासोबत धाप अशी लक्षणं एकेक करून विचारा, “किती दिवस काम किंवा शाळा बुडाली?” हे जोडा, आणि जे मोजता येतं ते मोजाच.

पाच वर्षांखालच्या मुलाची उंची हे त्यातलं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत बिघडणारं माप. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं झोपवून मोजायचं, त्यापुढच्याला उभं करून. मूल मोठं असून झोपवूनच मोजावं लागलं तर ०.७ सेंटीमीटर वजा करा, लहान असून उभं मोजलं तर तेवढंच मिळवा. फळी सपाट, टणक जमिनीवर भिंतीला टेकवा. अंगणातल्या मऊ मातीत ती मागे कलते. चपला, टोपी, केसांतले बो काढा. मदतनीस गुडघ्यांवर बसून मुलाचे गुडघे आणि घोटे धरतो, मापणारी व्यक्ती हनुवटी धरते. टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू फळीला टेकलेली, नजर सरळ. वरची पट्टी केस दाबले जाईपर्यंत खाली आणा, डोळे पट्टीच्या पातळीवर नेऊन मिलिमीटरपर्यंत वाचा आणि मोठ्याने सांगा. मदतनीस लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून दाखवतो. मग मुलाला फळीवरून उतरवून पुन्हा मोजा. दोन मापांत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोन्ही नव्याने घ्या.

उंची बरोबर घेऊनही वय चुकलं तर सगळं वाया जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार ३० महिन्यांच्या मुलग्याला खुजेपणाची सीमा ८५.१ सेंटीमीटर आहे आणि ३६ महिन्यांच्या मुलग्याला ८८.७. मूल ८६ सेंटीमीटरचं आहे. आईने “अडीच वर्षांचा” म्हटलं तर ते ठीक, “तीन वर्षांचा असेल” म्हटलं तर खुजं. म्हणून जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड बघा. ते नसेल तर स्थानिक घटनांचं कॅलेंडर वापरा: पेरणी, सण, निवडणूक, पूर. “तो सण झाला तेव्हा पोटात होता की जन्मला होता?” असं विचारत महिन्यापर्यंत पोचता येतं. माहितीत २४, ३६, ४८ महिन्यांवर मुलांचा ढीग दिसला तर वयं अंदाजे लिहिली गेली आहेत हे ओळखा.

फील्डवर जाण्याआधी प्रत्येक मापकाने १० मुलांना दोन-दोनदा मोजायचं आणि अनुभवी मापकाशी ताडून बघायचं. जो जुळत नाही त्याला मापनाचं काम देऊ नका, मुलाखती द्या. काम सुरू झाल्यावर शेवटचे अंक तपासत राहा. .० आणि .५ जास्त येत असतील तर पट्टी वाचली जात नाही. झेड-गुण म्हणजे मुलाची उंची त्याच्या वयाच्या मानक उंचीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा. या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे त्यांचा पसारा, १.३ च्या बरंच वर गेला तर मापात गोंधळ आहे, आणि हा गोंधळ दोन्ही टोकांना मुलं ढकलतो, म्हणजे खुजेपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. उणे ६ च्या खाली किंवा अधिक ६ च्या वर गेलेली मापं विश्लेषणातून बाजूला ठेवायचा नियम आहे. वजनकाटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा.

७. शिक्षण: पटावर, वर्गात, वाचताना

पटावर नाव असणं, वर्गात बसणं आणि वाचता येणं या तीन वेगळ्या गोष्टी. “रोज शाळेत जातो का?” याला सगळे हो म्हणतात. “शाळा उघडी होती असा शेवटचा दिवस कोणता? त्या दिवशी गेला होता का?” असं विचारा. शाळेची बाजू तपासायची तर हजेरीपटावर विसंबू नका. बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या ६ देशांत न सांगता भेटी देऊन केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी १९ टक्के शिक्षक आणि ३५ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर आढळले नाहीत.

वाचन घरी तपासा. शाळेत तपासलं तर गैरहजर आणि शाळा सोडलेली मुलं सुटतात. भारतातल्या ‘असर’ सर्वेक्षणाची २००५ पासूनची पद्धत उचलण्यासारखी आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून. मूल वाक्यं सलग वाचतं आणि तीनपेक्षा जास्त चुका करत नाही, तर गोष्टीकडे जा. नाही जमलं तर शब्दांकडे. पाचातले चार शब्द बरोबर आले तर पातळी ‘शब्द’. तेही नाही आलं तर अक्षरं. चार वेगवेगळे नमुने छापा, कारण धाकटी भावंडं शेजारी उभी राहून पाठ करतात. आईवडिलांना जरा बाजूला बसवा आणि निकाल मुलासमोर बोलू नका. पहिल्या मिनिटात घाबरलेलं मूल दोन मिनिटं गप्पा मारल्यावर बरंच वाचतं. ही दोन मिनिटं द्यायलाच हवीत, ते त्या मुलाचं देणं आहे.

८. परवानगी, संमती, आणि समोर दिसलेलं दुःख

नैतिकता समितीची मंजुरी आधी. केनियात नाकोस्टी, टांझानियात कोस्टेक यांसारख्या संस्थांची वेगळी संशोधन परवानगीही लागते. मग जिल्हा आणि गाव पातळीवर भेटी. अर्ज सुरुवातीलाच करा, महिने जातात.

संमतीचा मजकूर एका पानाचा, बोलीभाषेत: कोण विचारतंय, कशासाठी, किती वेळ, नाही म्हटलं तर काही बिघडत नाही, आणि यातून कोणतीही योजना किंवा मदत मिळणार नाही. शेवटचं वाक्य गाळलं तर लोक मदतीच्या आशेने खर्च कमी सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असलेलं, म्हणजे गंभीर कुपोषित मूल समोर आलं तर आकडा नोंदवून पुढच्या घराकडे जाता येणार नाही. कोणत्या केंद्रात पाठवायचं, चिठ्ठी कोण देणार, दोन दिवसांनी चौकशी कोण करणार, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं हवं. घरातल्या मारहाणीसारखे प्रश्न घ्यायचे असतील तर घरातल्या एकाच स्त्रीला, पूर्ण एकांतात, खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीनेच विचारायचे. एकांत मिळाला नाही तर ते पान सोडून द्यायचं.

नावं आणि उत्तरं वेगळ्या फाइलींत ठेवा, जोडणारा क्रमांक एकाच व्यक्तीकडे. माहिती इतरांना देताना जीपीएस बिंदू हलवा. डीएचएसमध्ये शहरी बिंदू २ किलोमीटरपर्यंत आणि बहुतेक ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत सरकवलेले असतात.

९. भाषा आणि चाचणी

प्रश्नावलीचं भाषांतर एकाने करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावं. जिथे अर्थ सुटतो ती जागा लगेच दिसते. मग सहा-आठ जणांना प्रश्न विचारून “तुम्हाला यातून काय समजलं?” हे विचारा. त्यानंतर नमुन्याबाहेरच्या गावात ३०-४० घरं. वेळ मोजा. मुलाखत तासाच्या पुढे गेली तर कापा. थकलेला माणूस ‘नाही’ म्हणायला लागतो, कारण ‘हो’ म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात हे त्याच्या ध्यानात आलेलं असतं.

१०. फील्ड

आठ सर्वेक्षक, चारच्या दोन तुकड्या, प्रत्येकीवर एक पर्यवेक्षक. एका सर्वेक्षकाकडून दिवसाला तासाभराच्या चार मुलाखती चांगल्या होतात. गावाला दोन दिवस धरले तर बंद घरांच्या फेऱ्या नीट मारता येतात, आणि २१ गावांना प्रत्येक तुकडीला ४२ कामाचे दिवस लागतात. घरांची यादी दोन जणांनी आधीच करून ठेवावी. प्रशिक्षण आठवडाभराचं, त्यातले दोन दिवस प्रत्यक्ष गावात.

४२ गावं दोन तुकड्यांत चिठ्ठ्या टाकून वाटा, जवळ-लांब बघून नव्हे. भारतात नमुना सर्वेक्षणाची घडी बसवणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांची ही युक्ती: एकाच लोकसंख्येचे दोन स्वतंत्र उपनमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडे द्यायचे. दोघांच्या उत्तरांत योगायोगापलीकडचा फरक पडला तर तो लोकांत नाही, तुकड्यांत आहे.

टॅबसाठी कोबो टूलबॉक्स, ओडीके किंवा जागतिक बँकेचं सर्व्हे सोल्यूशन्स पुरतं. रोज रात्री सर्वेक्षकनिहाय चार गोष्टी बघा: मुलाखतीची मिनिटं, ‘माहीत नाही’चं प्रमाण, घरातल्या माणसांची सरासरी आणि मुलांची वयं. सर्वेक्षकाच्या लवकरच लक्षात येतं की जास्त माणसं म्हणजे जास्त काम. साडेचार वर्षांचं मूल पाचचं लिहिलं की मापन आणि आरोग्याचं अख्खं पान टळतं. डीएचएसच्या अनेक फेऱ्यांत ही सरकवलेली वयं सापडली आहेत. चार वर्षांच्या मुलांच्या मानाने पाच वर्षांची फार जास्त दिसली की त्याच आठवड्यात त्या सर्वेक्षकाशी बसून बोला. पर्यवेक्षकाने १० टक्के घरांत परत जाऊन न बदलणारे पाच-सहा प्रश्न पुन्हा विचारावेत: किती माणसं, थोरल्याचं वय, छत कशाचं, मुलाला मोजलं होतं का.

११. टेबलावर

‘माहीत नाही’साठी ९९ वापरू नका, आजी ९९ वर्षांची असू शकते. ऋण आकडा घ्या आणि विश्लेषणाआधी तो रिकामा करा, नाहीतर −९९ हा खर्च म्हणून सरासरीत शिरतो. विचित्र आकडा दिसला की खोडू नका, वहीत बघा, घरी फोन करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या आज्ञावलीत लिहायची.

प्रत्येक आकडा भार लावून आणि गाव हा गट धरून काढा. स्टाटा आणि आर या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार सोय आहे. गट न धरता काढलेली नमुन्यामुळे येणारी संभाव्य चूक खऱ्यापेक्षा लहान दिसते आणि नसलेले फरक दिसायला लागतात. ३८ टक्के लिहिताना सोबत ३३ ते ४३ ही मर्यादाही लिहा.

खासगी शाळेतली मुलं चांगली वाचतात असं तक्त्यात दिसेल. पण तिथे मुलं पाठवणारी घरंच वेगळी असतात, त्यामुळे शाळेचा परिणाम या तक्त्यातून कळत नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब घरांना अटींसह रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना सुरू केली तेव्हा ५०६ गावांपैकी ३२० गावं चिठ्ठी टाकून आधी घेतली आणि १८६ नंतर, म्हणून तिथे परिणामाबद्दल बोलता आलं. एका फेरीच्या सर्वेक्षणाने ‘यामुळे’ हा शब्द वापरू नये, ‘यासोबत’ वापरावा.

निकाल गावांत परत न्या, प्रत्येक गावाला एक पान, चित्रांसह. त्या पानावर जिल्ह्याचे आकडे असतील, गावाचे नाहीत. २० घरांवरून एका गावाचा आकडा काढता येत नाही, आणि गावातल्या मोजलेल्या २० घरांपैकी कोणाचं मूल खुजं निघालं हे शेजाऱ्याला सहज ओळखता येतं. “आमच्या गावाचं काय?” असं विचारतीलच. तेव्हा हे दोन्ही मुद्दे त्यांना सरळ सांगा, आणि केंद्रात पाठवलेल्या मुलांची यादी सोबत घेऊन जा, त्या प्रत्येक घरी जायचं आहे.